कण ट्रॉम्बेचा, कॅमेरा परळचा

१९६० च्या दशकातल्या मुंबईत यकृतात गळू झालेला रुग्ण दाखल झाला, की डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न असे तो गळवाच्या जागेचा. आव होण्याला कारण असलेला अमिबा आतड्यातून यकृतात पोचला की तिथे पू साचतो. एवढं निदान ताप, उजव्या बरगडीखालची कळ आणि उतरत चाललेलं वजन यांवरून होई. पण पू नेमका कुठे साचलाय? साध्या एक्स-रेत यकृत म्हणजे एक सपाट पांढुरकी सावली. उजवीकडचं श्वासपटल वर ढकललेलं दिसलं तर संशय बळावे, इतकंच. सुई कुठे घालायची, हे त्यावरून कळत नसे.

उत्तर सोन्यात होतं. सोन्याचे अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवलेलं कलिल शिरेतून दिलं, की यकृतातल्या कुप्फर पेशी ते कण काही मिनिटांत गिळून टाकतात. सोनं किरणोत्सारी असेल तर त्यातून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर मोजता येतात. निरोगी यकृतातून किरण येतात. पू असेल तिथे कण गिळायला जिवंत पेशीच नसतात, त्यामुळे चित्रात तेवढी जागा रिकामी राहते. हे कण साधारण २० ते ४० नॅनोमीटरचे, म्हणजे आजच्या हिशेबाने अस्सल नॅनोकण. नॅनोतंत्रज्ञानाच्या नावाने प्रयोगशाळा उघडायला तेव्हा अजून काही दशकं अवकाश होता. शरीरात सोडलेला कण कुठे जाऊन बसतो हे बाहेरून पाहण्याची विद्या मुंबईला मिळाली ती अशी, कलिलांच्या वाटेने. तिचा कच्चा माल येत होता उपनगराच्या एका टोकाकडून, ट्रॉम्बेहून.

ट्रॉम्बे आज मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यात मोडतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी, मध्ये कोळीवाडा, खारफुटी आणि मिठागरं. डॉ. होमी भाभांनी अणुऊर्जेच्या कामासाठी ही जागा निवडली आणि १९५४ मध्ये तिथे अणुऊर्जा आस्थापना उभी राहिली. भाभांच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली. सोव्हिएत संघ वगळता आशियातली ती पहिली. १० जुलै १९६० रोजी कॅनडाच्या सहकार्याने बांधलेली ४० मेगावॅटची ‘सायरस’ सुरू झाली आणि समस्थानिकांचं उत्पादन खऱ्या अर्थाने वाढलं. थायरॉइडसाठी आयोडिन-१३१, रक्ताच्या विकारांसाठी फॉस्फरस-३२ आणि यकृतासाठी सोनं-१९८. साधं सोनं अणुभट्टीत ठेवलं की त्याच्या अणूत एक न्यूट्रॉन शिरतो आणि ते किरणोत्सारी होतं. त्याचं अर्धायुष्य २.७ दिवसांचं. म्हणजे सोमवारी भरलेल्या कुपीतली ताकद गुरुवारपर्यंत निम्म्याहून खाली आलेली असे.

या विद्येला एक काळा पूर्वेतिहास आहे, आणि तोही कणांचाच आहे.

१९३० च्या सुमारास जर्मनीत ‘थोरोट्रास्ट’ नावाचं द्रव्य बाजारात आलं. थोरियम डायऑक्साइडच्या काही नॅनोमीटर आकाराच्या कणांचं ते कलिल. एक्स-रेत ते झकास उठून दिसे, टोचल्यावर रुग्णाला त्रास होत नसे, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांपासून यकृत-प्लीहेपर्यंत सगळं स्वच्छ दिसे. पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रणासाठी ते वापरलं. जगभरात लक्षावधी लोकांना ते टोचलं गेलं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९३२ मध्येच सावधगिरीचा इशारा दिला होता; वापर मात्र दोन दशकं चालू राहिला.

अडचण अशी होती, की हे कण शरीराबाहेर पडतच नव्हते. यकृत आणि प्लीहेतल्या पेशींनी ते गिळले आणि तिथेच ठेवले. थोरियम-२३२ चं अर्धायुष्य सुमारे १,४०० कोटी वर्षं. माणसाच्या आयुष्याच्या मापाने ते संपणारच नाही. हे कण आतून अल्फा किरणांचा मारा करत राहिले आणि वीस-तीस वर्षांनी यकृताचे कर्करोग दिसू लागले. जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान या देशांनी अशा रुग्णांचा पुढे अनेक दशकं मागोवा घेतला. जपानमध्ये त्यांत युद्धात जखमी झालेले सैनिक होते. थोरोट्रास्टने पुढच्या सगळ्या कणशास्त्राला एक प्रश्न कायमचा चिकटवून दिला: आत गेलेला कण बाहेर कसा येणार?

थोरियम मुंबईला परकं नव्हतं. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून निघालेला थोरियमचा अंश ट्रॉम्बेला येई आणि १९५५ पासून इथल्या कारखान्यात त्याचं थोरियम नायट्रेट होई. लग्नाच्या वरातीत डोक्यावरून मिरवणाऱ्या गॅसबत्तीच्या जाळ्यांना लख्ख पांढरा उजेड मिळे तो याच क्षारामुळे. थोरियमचा हा बाहेरचा उपयोग बिनघोर चालू राहिला; शरीरात सोडायच्या द्रव्यांच्या यादीतून मात्र त्याचं नाव तोवर उतरत चाललं होतं. पुढच्या पिढीने अल्पायुषी समस्थानिक निवडले.

ट्रॉम्बेला कण तयार होत होते, पण रुग्ण तिथे नव्हते. रुग्ण होते परळला. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून तिथे होतं आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आलं. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, जेरबाई वाडिया रस्त्यावरच्या टाटाच्या अ‍ॅनेक्स इमारतीत रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं. डॉ. आर. डी. गणात्रा यांनी या केंद्राचं नेतृत्व अनेक वर्षं केलं आणि पुढे व्हिएन्नात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अणुवैद्यक विभागाची धुरा सांभाळली. १९७३ मध्ये इथे डॉक्टरांसाठी रेडिएशन मेडिसिनचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. देशभरच्या अणुवैद्यक विभागांत पुढे जे डॉक्टर दिसले, त्यांतले कितीतरी परळच्या या इमारतीतून शिकून गेलेले.

सुरुवातीचं यंत्र म्हणजे रेक्टिलिनियर स्कॅनर. अमेरिकेत बेनेडिक्ट कॅसन यांनी १९५० च्या सुमारास बनवलेल्या यंत्राचं हे कुळ. शोधक रुग्णाच्या पोटावरून एका रेषेत डावीकडून उजवीकडे जाई, मग एक पायरी खाली सरकून परत येई, आणि जितके किरण मिळतील तितके ठिपके कागदावर उमटत. रुग्णाने तोवर हलायचं नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस हॅल अँगर यांनी गॅमा कॅमेरा बनवला. तो सगळा अवयव एकदम पाहू शके. तेव्हापासून कण नुसता कुठे बसला एवढंच नव्हे, तर तो तिथवर कसा पोचला हेही मिनिटामिनिटाने टिपता येऊ लागलं.

सोन्याचं मात्र या कॅमेऱ्याशी जमेना. सोनं-१९८ चे गॅमा किरण ४१२ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे, कॅमेऱ्याच्या पातळ स्फटिकातून आरपार निघून जाणारे. शिवाय त्यातून बीटा कण निघतात, जे चित्राच्या काही कामाचे नसतात आणि यकृताला विनाकारण डोस देतात. म्हणून सोनं मोजकंच द्यावं लागे आणि चित्र धूसर येई. १९६४ मध्ये शिकागोत पॉल हार्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्नेशियम-९९एम गंधकाच्या कलिलाला जोडलं आणि सोन्याची सद्दी संपली. टेक्नेशियमचे किरण १४० किलो इलेक्ट्रॉन व्होल्टचे, कॅमेऱ्याला नेमके मानवणारे, आणि अर्धायुष्य अवघं सहा तासांचं.

सहा तासांचं अर्धायुष्य रुग्णाच्या सोयीचं, पण पुरवठ्याला अवघड. ट्रॉम्बेहून कोलकात्याला टेक्नेशियम पाठवायचं तर ते वाटेतच सरायचं. त्यामुळे पाठवायचं ते त्याचं जनक मूलद्रव्य, मॉलिब्डेनम-९९, ज्याचं अर्धायुष्य ६६ तासांचं. त्यातून टेक्नेशियम सतत उपजत राहतं आणि रोज सकाळी काढून घेता येतं. परदेशी जनित्रांत ते अ‍ॅल्युमिनाच्या नळीतून सलाइनने धुऊन निघे. त्यासाठी युरेनियमच्या विखंडनातून मिळवलेलं तीव्र मॉलिब्डेनम लागे. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनचा मारा करून मिळणारा माल त्या मानाने सौम्य होता. तो छोट्या नळीत मावत नसे. इथल्या रसायनतज्ज्ञांनी दुसरी वाट काढली. मॉलिब्डेनमच्या अल्कधर्मी द्रावणात मिथाइल इथाइल कीटोन हे द्रावक घालून हलवायचं. टेक्नेशियम द्रावकात उतरतं, मॉलिब्डेनम खालीच राहतं. मग द्रावक उडवून टाकायचं आणि तळाशी उरलेलं टेक्नेशियम सलाइनमध्ये घ्यायचं. भारतातल्या कितीतरी इस्पितळांच्या ‘हॉट लॅब’मध्ये वर्षानुवर्षं दिवसाची सुरुवात या द्रावकाच्या उग्र वासाने होई. पुढे १९८९ मध्ये हा पुरवठा पाहण्यासाठी ‘ब्रिट’, म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, ही स्वतंत्र संस्था झाली.

टेक्नेशियम हाती आल्यावर कण बदलून पाहणं सोपं झालं, आणि कणाचा आकार त्याचा पत्ता ठरवतो हे रोजच्या कामातून दिसू लागलं.

अल्ब्युमिन प्रथिनाचे १० ते ९० मायक्रोमीटरचे गोळे शिरेतून दिले तर ते पहिल्याच फेरीत फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात. त्यावरून फुप्फुसाच्या कोणत्या भागाला रक्त मिळत नाही ते कळतं. गंधकाचं कलिल त्याहून कितीतरी बारीक. ते फुप्फुसं सहज ओलांडतं आणि ८० ते ८५ टक्के यकृतात जातं, उरलेलं प्लीहा आणि अस्थिमज्जेत. यकृत सिरोसिसने निकामी झालं असेल तर हेच कलिल प्लीहेकडे आणि हाडांकडे वळतं. चित्रात यकृत फिकं आणि प्लीहा गडद दिसली की डॉक्टर काय ते समजतात. फायटेट हा धान्याच्या कोंड्यातही असणारा पदार्थ आणखी गमतीचा. कुपीत तो विरघळलेला असतो. रक्तात गेल्यावर तिथल्या कॅल्शियमशी मिळून त्याचे कण बनतात आणि यकृतात जातात. आणि गंधकाचं कलिल बनवताना कण एकमेकांना चिकटून मोठे झाले, तर यकृताच्या स्कॅनमध्ये फुप्फुसं उजळतात. टेक्निशियनला चित्र पाहताक्षणी कळतं की बिघाड रुग्णात नाही, कुपीत आहे.

शिरेऐवजी त्वचेखाली टोचलं की हिशेब बदलतो. फार मोठे कण टोचल्या जागीच बसून राहतात, फार लहान असतील ते रक्तात निसटतात, आणि दहा ते शंभर नॅनोमीटरच्या आसपासचे लसिकावाहिन्यांतून वाहत पहिल्या ग्रंथीत जाऊन थांबतात. स्तनाच्या कर्करोगात गाठीतून निघालेल्या पेशीही त्याच वाटेने जातात. ती पहिली ग्रंथी शोधून तपासली आणि ती स्वच्छ निघाली, तर काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत. हाताला कायमची सूज येण्याचा धोका टळतो. १९९३ मध्ये अमेरिकेत डेव्हिड क्रॅग यांनी टेक्नेशियमचं कलिल आणि हातात धरायचा गॅमा शोधक वापरून ही पद्धत दाखवली. टाटा हॉस्पिटलने ती स्वीकारली, आणि तिला भारतीय उत्तरही शोधलं. जिल्ह्याच्या गावी ना कलिल वेळेवर पोचतं ना गॅमा शोधक असतो. म्हणून डॉ. वाणी परमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काखेच्या खालच्या भागातला ठरावीक ऊतीचा तुकडा काढून तपासण्याची पद्धत कलिलाच्या पद्धतीशी ताडून पाहिली. कणांनी दाखवलेल्या वाटेचा नकाशा असा, कण नसलेल्या शस्त्रक्रियागृहातही उपयोगी पडला.

औषध घेऊन जाणारे कणही मुंबईत लवकर आले, आणि तेही परळलाच. केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या गटाने दिल्ली विद्यापीठाच्या जीवरसायन विभागासोबत अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध लिपोसोममध्ये, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत, भरलं. साधं अ‍ॅम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला घातक. पिशवीत भरलेलं औषध मूत्रपिंडाऐवजी यकृत-प्लीहेच्या पेशींकडे जातं, आणि काळा आजाराचे परोपजीवी दडून बसतात ते नेमके त्याच पेशींत. स्कॅनमध्ये कलिलाचं यकृताकडे ओढलं जाणं नित्याचं होतं. इथे तीच ओढ औषधाच्या कामी आली. हे औषध ‘फंगिसोम’ नावाने बाजारात आलं. २०२१ मध्ये करोनामागोमाग काळी बुरशी पसरली, तेव्हा लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी महाराष्ट्रभर नातेवाईक वणवण फिरले आणि ‘लिपोसोमल’ हा शब्द घरोघरी पोचला.

ऑक्टोबर २००२ मध्ये परळच्या केंद्रात भारतातला पहिला पीईटी, म्हणजे पॉझिट्रॉन एमिशन टोमोग्राफीचा, स्कॅनर सुरू झाला. जोडीला तिथेच वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसवलं होतं. ते असायलाच हवं होतं, कारण त्यात तयार होणाऱ्या आणि पीईटीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. मुंबईच्या वाहतुकीत त्याचा अर्थ सरळ होता: सायनला गाडी तासभर अडकली, तर पलीकडच्या इस्पितळात पोचणारा डोस त्या मानाने कमी. बोरिवली-मुलुंडचा रुग्ण लोकलने परळला येई, ते यंत्राच्या आणि अर्धायुष्याच्या सोयीसाठी. उपनगरांत पीईटी आलं ते नंतर. अंधेरीत २००९ मध्ये सुरू झालेल्या कोकिलाबेन हॉस्पिटलसारख्या मोठ्या खासगी इस्पितळांनी ते मुंबईच्या उत्तरेकडे नेलं. या सगळ्यांना किरणोत्सारी द्रव्य वापरण्याचा परवाना देणारं आणि १९८३ मध्ये स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळही उपनगरातच, अणुशक्तीनगरला आहे.

नॅनोकणांचा माग काढायला मात्र फ्लोरिन अपुरं पडतं. पृष्ठभागावर विशिष्ट लेप दिलेले लिपोसोम रक्तात दिवसचे दिवस फिरतात, आणि कणावरची खूण कणाइतकी टिकायला हवी. म्हणून तांबं-६४ (१२.७ तास) किंवा झिर्कोनियम-८९ (सव्वातीन दिवस) वापरतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनकर्करोगाच्या १९ रुग्णांना तांबं-६४ ने खूण केलेले औषधी लिपोसोम देऊन पीईटीने पाहिलं. एका रुग्णाच्या गाठीत ते भरभरून उतरले, दुसऱ्याच्या गाठीत जेमतेम. एकाच रुग्णाच्या दोन गाठींतही फरक पडला. टोरोंटोत वॉरन चॅन यांच्या गटाने त्याआधी, २०१६ मध्ये, दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले होते. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण निघालं ०.७ टक्के. उरलेल्यांचा मोठा वाटा यकृत आणि प्लीहेत जातो, हे कलिलाचे स्कॅन वाचणाऱ्यांना नवं नव्हतं.

ट्रॉम्बेत आता कणच मुळात किरणोत्सारी बनवले जातात. रुबेल चक्रवर्ती, सुदीप्त चक्रवर्ती, अशुतोष दाश आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सोनं-१९८ चे नॅनोकण रुग्णाला पुरेल इतक्या मात्रेत बनवण्याची रीत प्रसिद्ध केली. कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्यांना चिकटणारं पेप्टाइड त्यांनी कणावर बसवलं. पूर्वी चित्राच्या आड येणारे सोन्याचे बीटा कण इथे उपचाराचं हत्यार आहेत, आणि गॅमा किरणांवरून कण कुठे गेले तेही कळतं.

पवईच्या आयआयटीत त्याआधीच थोरोट्रास्टच्या प्रश्नाला थेट हात घातला गेला होता. रोहित श्रीवास्तव आणि रिंती बॅनर्जी यांच्या प्रयोगशाळांनी लिपोसोमवर सोन्याचा थर दिला. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात अभिजित डे यांच्या गटाने ते उंदरांत तपासले. अरविंद कुमार रेंगन हे या संशोधनाचे पहिले लेखक, आणि निबंध ‘नॅनो लेटर्स’मध्ये २०१५ मध्ये आला. ७५० नॅनोमीटरच्या लेसरने हे कण तापतात आणि गाठ जाळतात. कळीचा मुद्दा त्यापुढचा. यकृताच्या पेशींत पोचल्यावर हे कण विघटित होतात आणि पित्ताच्या तसंच मूत्रपिंडाच्या वाटेने बाहेर पडतात. मूत्रपिंडाची गाळणी साधारण साडेपाच नॅनोमीटरपर्यंतचेच कण जाऊ देते, हे अमेरिकेत जॉन फ्रँजिओनी यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं होतं. म्हणजे काम करायला मोठा आणि निघून जायला लहान, असा कण हवा. पवईच्या कणाने दोन्ही आकार एकाच आयुष्यात घेतले.

उंदरांवरून माणसांपर्यंतचं अंतर मात्र मोठं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि औषध नियंत्रक संस्था यांनी मिळून नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. औषध परिणामकारक आहे एवढं सांगून त्यात भागत नाही. कण कोणत्या अवयवात किती गेला, किती काळ राहिला आणि कोणत्या वाटेने बाहेर पडला, याची माहिती अर्जासोबत जोडावी लागते. पवईहून किंवा ट्रॉम्बेहून निघालेल्या एखाद्या कणाला इस्पितळात रुग्णापर्यंत जायचं असेल, तर त्याआधी त्याचा असा पूर्ण हिशेब प्रयोगशाळेत मांडून दाखवावा लागतो.